तळ्यातल्या देवाचं नाव

नाव विचारू नका. बाकी सगळं सांगते, नाव तेवढं सांगायची नाही. सुनेला हसू येतं. म्हणते, आता बाया नवऱ्याला नावानं हाका मारतात, तुमी कुठल्या जमान्यात बसलाय? बसलेय बाई. जे झालं ते ह्या न घेतलेल्या नावापायीच झालं, म्हणून ते इथंही यायचं नाही.

तसं ते नाव काही जगावेगळं नव्हतं. आमच्या गावच्या देवाचं नाव. सोलापुरात त्या काळी गल्लीत डोळे मिटून दगड मारला तर त्याच नावाच्या माणसाला लागायचा. कुणाच्या नावामागं अप्पा लागलेलं, कुणाच्या मागं आणखी काही, पण घरटी एक तरी होताच. त्यामुळं बायांना देवाचंही नाव घ्यायची चोरी. एकीच्या नवऱ्याचं, दुसरीच्या सासऱ्याचं, तिसरीच्या थोरल्या दिराचं. मग आम्ही म्हणायचो ‘तळ्यातले देव’. देऊळ तळ्यात आहे म्हणून. देवाला त्याचा कधी राग आला नाही.

नवऱ्याला मी ‘मालक’ म्हणायची. कारखान्यातली माणसंही मालकच म्हणायची, तेव्हा हाक कुणाची ते त्यांना आवाजावरून ओळखावं लागे. कारखाना सुताला रंग द्यायचा. विणकरांकडून सूत यायचं, मोठ्या हंड्यांत रंग उकळायचा, रंगवलेल्या लडी बांबूंवर वाळत पडायच्या. मालक स्वतः हात घालायचे. मनगटापर्यंतचे हात कायमचे निळे-जांभळे. जेवायला बसले की मी म्हणायची, ‘धुतलं का हात?’ आणि ते म्हणायचे, ‘धुतलेत की, हे असंच असत्यात.’ हे आमचं रोजचं होतं.

आम्हाला एक लेक आणि तिच्या पाठीवर एक मुलगा. मुलगी करमाळ्याला दिली होती. सातव्या महिन्यात तिची ओटी भरायला आम्ही दोघं गेलो. पाटावर बसली होती हिरव्या लुगड्यात, गाल वर आलेले. बाया म्हणाल्या, विहीणबाई, नाव घ्या. उखाण्यात घेतलं तर चालतं, तेवढीच मुभा. मी घेतलं:

‘हळदीला चुना मिळाला, कुंकवाला आली लाली,
अमक्यांची लेक आज आई व्हायला आली.’

अमक्यांच्या जागी त्यांचं नाव, चांगलं खणखणीत. मालक बाहेर ओसरीवर व्याह्यांजवळ बसले होते. ऐकू गेलं असणार, कारण परतताना आगगाडीत उगाच हसत होते. मी म्हटलं, काय झालं? म्हणाले, ‘काय न्हाई. नाव बरं हाय माझं.’

तीन आठवड्यांनी सांगावा आला. दिवस भरायच्या आधीच लेकीला कळा लागल्या होत्या आणि सुटका होत नव्हती. तिथं डॉक्टर होता, पण बाप्या. सासूनं त्याला माजघरात पाय टाकू दिला नाही. त्या बाईला तरी काय बोल लावू? मी असते तर मीही टाकू दिला नसता. शेवटी सोलापूरला आणायचं ठरलं, आणि जेऊर स्टेशनाच्या वाटेवर, बैलगाडीतच, लेक गेली. मूल पोटात.

मी रडले नाही. शेजारणी म्हणायच्या, रडू द्या हो तिला, मोकळी होईल. रडू आलंच नाही त्याला मी काय करू? सकाळी उठत होते, भाकऱ्या थापत होते, धाकट्याला शाळेत धाडत होते. तव्याचा चटका बसला तरी हात काढायला उशीर व्हायचा. बोलणं सुटलं. घरात ‘व्हय’ आणि ‘न्हाय’ एवढंच, परक्या माणसासमोर तेही नाही. नुसती मान हलवायची. बाहेरच्यांना वाटायचं हिची वाचा गेली. मालक रोज विचारायचे, ‘आज काय भाजी केलीस?’ समोर भाजी दिसत असायची. मला बोलतं करायचा तो डाव आहे हे मला कळायचं. मी ताट सरकवायची.

वर्ष झालं असेल. मुंबईला कायदे करायच्या सभेची निवडणूक लागली आणि मालक म्हणाले, मी उभा राहणार. कारखान्याचे दिवाणजी हातातलं पान तोंडात घालायचं विसरले.

‘मालक, तुमी? आन् हंड्याला कोण बघंल?’

‘तालुक्याला एक एक बाई डॉक्टर. एवढंच मागायचं हाय मला. ते पास झालं की येतोच परत हंड्यावर.’

‘पास व्हायला ती काय चौथीची परीक्षा हाय व्हय?’ दिवाणजी म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी फॉर्म त्यांनीच आणला.

समोर मोठ्या पक्षाचा माणूस होता, शिकलेला, वकिली करणारा. लोक आमच्या मालकांना हसले. सभेत हात जोडले की पोरं ओरडायची, आधी हात धुवा! ते हसायचे आणि म्हणायचे, धुतलेत की. पण बायांची गोष्ट वेगळी होती. त्या खेपेला नवा कायदा आला होता, घरपट्टी भरणाऱ्याच्या बायकोलाही मत मिळालं होतं. मालक पेठेत दारोदार फिरले, बायांची नावं यादीत घालायला लावली. यादीत नाव म्हणजे काय, ‘अमक्याची बायको’. ते चौकात बाई डॉक्टरचं सांगायचे तेव्हा दाराआडून बाया ऐकायच्या आणि डोळ्याला पदर लावायच्या. कुणाची जाऊ गेलेली, कुणाची नणंद, कुणाची स्वतःची पोर. माझ्याकडं येऊन म्हणायच्या, ‘आमची मतं तुमच्या मालकांनाच हो, गळ्याची आण.’ मी मान हलवायची. चहा द्यायची. आत काही हलायचं नाही. माझ्याच लेकीचं गाऱ्हाणं ते गावभर सांगत होते आणि मला ते दुसऱ्या कुणाच्या घरचं वाटायचं.

मतदानाच्या आदल्या दिवशी ते माझ्यापुढं येऊन बसले.

‘उद्या येशील न्हवं?’

मी मान हलवली.

‘तितं साहेब असतो. लिहाय-वाचाय येत न्हाय त्यानं साहेबाला नाव सांगायचं, साहेब फुली मारतो. तुला सांगाय लागंल माझं नाव.’ मग म्हणाले, ‘उखाण्यात घेतलंस तरी चालंल गं.’

मला त्यांनी सांगितलं, बाकी कुणाला सांगायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. टांगे ठरवले, पाण्याचे डेरे ठेवले, कोण कुणाला कधी आणणार ते ठरलं. बायांना तिथं तोंड उघडावं लागणार हे बायांना ठाऊक नव्हतं. आणि बाया ते नाव घेत नाहीत हे बाप्यांच्या लक्षात यायला त्यांनी आमचं बोलणं कधी ऐकलं होतं?

मतदान शाळेत होतं. बायांची रांग निराळी. मी दारापासून चार-पाच जणींच्या मागं उभी होते, आतलं सगळं ऐकू येत होतं. सगळ्यांत पुढं शेजारच्या काकू, चांगल्या सत्तरीच्या. साहेब गावातला नव्हता, कोकणाकडचा असावा.

‘बोला बाई, मत कोणाला?’

‘तळ्यातल्या देवास्नी,’ काकू म्हणाल्या.

‘देवाला नव्हे हो. उमेदवार दोन आहेत. त्यातल्या एकाचं नाव सांगा.’

‘त्येच की. तळ्यातल्या देवाचं नाव हाय बगा, त्येस्नी.’

‘आजी, नाव घ्या. मला सुचवता येत नाही, कायदा आहे.’

‘अवो, माझ्या सासऱ्यांचं नाव हाय त्ये! कसं घिऊ?’

‘मग मी फुली कशी मारू?’ साहेबही मेटाकुटीला आला होता बिचारा. ‘मागं रांग आहे.’

काकूंनी मागं वळून रांगेकडं बघितलं. मग त्यांनी दुसऱ्याचं नाव घेतलं. वकिलाचं. ते नाव आमच्या पेठेत कुणाच्याच घरी नव्हतं, धडधडीत घेता यायचं. बाहेर येऊन माझा हात धरला नि म्हणाल्या, ‘काय करू बाई? एवढी नटून आले, मत न देता कशी परत जाऊ? त्या दुसऱ्याचं सांगून आले.’ आणि खुदकन हसल्या. लगेच तोंडावर हात ठेवला.

त्यांच्यामागची तेच करून आली. तिच्यामागची न बोलताच परतली. एकीनं मात्र उखाण्यात आपल्या नवऱ्याचं नाव घेतलं आणि साहेबानं फुली मारली. पण सासऱ्या-दिराच्या नावाचा उखाणा कुठून आणायचा?

रस्त्यापलीकडं मालक उभे होते. रंगीत हात जोडून, येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करत. मला सगळं कळत होतं. दहा पावलं जायचं आणि सांगायचं, अहो, बाया अडकल्यात, काहीतरी करा. ते साहेबाशी भांडले असते, निदान रांगेतल्या बायांना तरी काही सुचवलं असतं. मी गेले नाही. रागानं नाही, लाजेनं नाही. पाय उचलावासाच वाटला नाही. आज विचार करते तेव्हा स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं. तेव्हा काही म्हणजे काही वाटलं नव्हतं.

माझी पाळी आली. साहेबाजवळच बाकावर आमचे दिवाणजी यादी घेऊन बसले होते, मालकांचा माणूस म्हणून; मतदान संपेस्तोवर त्यांना जागचं उठायची नि बोलायची मुभा नव्हती. मला बघून ते सरसावून बसले. आता एक तरी धड मत पडणार, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

‘बोला बाई, मत कोणाला?’

मला उखाणा ठाऊक होता. एकच ठाऊक होता असं नाही, लग्नापासून किती घेतलेले. पण जिभेवर तोच आला. हळदीला चुना मिळाला, कुंकवाला आली लाली. मला ते हिरवं लुगडं दिसलं. पुढचं म्हणायचं तर ‘लेक’ म्हणावं लागणार होतं, ‘आई व्हायला आली’ म्हणावं लागणार होतं. ते माझ्यानं म्हणवेना. नुसतं नाव घ्यावं तर जन्मात घेतलेलं नाही.

‘बाई?’

मी वकिलाचं नाव सांगितलं. सगळं, आडनावासकट. माझा आवाज मलाच परका वाटला, फाटक्या ढोलासारखा. साहेबानं फुली मारली. दिवाणजींनी मान खाली घालून यादीत काहीतरी केलं.

बाहेर मालक वाटच बघत होते. ‘सांगितलंस?’

‘व्हय,’ मी म्हटलं.

मालक पडले. थोडक्यात नाही, चांगलेच आपटले. पेठेतल्या सगळ्या बायांनी नाव घेतलं असतं तरी पडलेच असते, त्यामुळं बायांना दोष द्यायचं कारण नाही. मी तरी देत नाही. करमाळ्याला बाई डॉक्टर पुढं लई वर्षांनी आली, ती कुणाच्या मागण्यानं कुणास ठाऊक. मालक निकालाच्या दुसऱ्या दिवशी हंड्यावर गेले.

जायच्या आधी चहा पिताना माझ्याकडं बघून म्हणाले, ‘पडलो तर पडलो. पण एक मत पक्कं व्हतं माझं.’

मी कपबशी उचलून आत गेले.

ते वाक्य त्यांना आवडलं असावं. पुढं कुणी निवडणुकीवरून चेष्टा केली की हेच, ‘एक मत पक्कं व्हतं.’ लग्नाकार्यात, दुकानात, पाहुण्यांसमोर. लोक हसून माझ्याकडं बघायचे. माझ्या काळजात दरवेळी सुई टोचायची. आधी नुसती टोचायची, पुढं दुखायलाही लागली. हळूहळू मी बोलू लागले, धाकट्याचं लग्न केलं, सून आणली. किती वेळा ठरवलं, आज खरं सांगून टाकायचं. जमलं नाही. ते गेले तेव्हाही मी ती लबाडी तशीच गिळून होते.

ते गेल्यावर दिवाणजी भेटायला आले. म्हातारे झाले होते, काठी टेकत आले. इकडचं तिकडचं झालं आणि मला राहवलं नाही. म्हटलं, ‘दिवाणजी, त्या दिवशी तुमी तितं व्हता. तुमाला सगळं ठावं हाय. मालकांना फसवलं मी जन्मभर.’

दिवाणजी म्हणाले, ‘वैनी, त्येस्नी ठावं व्हतं. मी त्याच दिवशी सांजच्याला सांगितलं.’

त्याच दिवशी. म्हणजे ‘एक मत पक्कं’ म्हणायच्या आधी. मेला माणूस! इतकी वर्षं मला टोचत ठेवलं? मला असा राग आला की काय सांगू. म्हटलं, ‘मग? चिडलं असतील.’

‘न्हाय ओ. मला म्हणालं, काय म्हणाली ती? मी नाव सांगितलं वकिलाचं. तर म्हणालं, सगळं म्हणाली? आडनावासकट? म्हटलं, व्हय मालक, आडनावासकट. तर हितंच बसलं मटकन. ह्याच ओट्यावर. रडाय लागलं. मला वाटलं मतापायी. तर म्हणालं, वर्षात ती परक्या माणसाशी एक शबूद बोलली न्हवती. बोलली की. बोलली.’