काहीही न करण्याच्या गटात मी

शास्त्रीय संशोधनाला घरातल्या वडीलधाऱ्यांचं पाठबळ मिळालं, की ज्ञानाच्या वाटा उजळून निघतात. हे वाक्य माझं नाही. ते प्रबंधांच्या ऋणनिर्देशात असतं. उज्जैनच्या एका सरकारी कॉलेजात मी बत्तीस वर्षं ग्रंथपाल होतो आणि तेवढ्या काळात कपाटं भरभरून प्रबंधांची धूळ झटकली. (प्रबंध उघडणारे दोनच प्रकारचे प्राणी मी पाहिले. एक झुरळं, आणि दुसरे ज्यांना तो उतरवून घ्यायचा असतो ते.) प्रत्येक प्रबंधात सासू-सासऱ्यांच्या पाठबळाचा हळवा उल्लेख होता. त्या पाठबळाने नेमकं काय केलं, ते मात्र कुणी लिहिलेलं नव्हतं. म्हणून मी लिहितो.

माझी सून मंजिरी पीएच.डी. करते. तिच्या विषयाचं नाव एका दमात म्हणता येत नाही. त्यात तंत्रज्ञान आहे, शिक्षण आहे, अर्थशास्त्र आहे आणि आरोग्यही आहे. "हवामान तेवढं राहिलं," असं मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो. ती हसली. चांगली मुलगी आहे. सोप्या भाषेत सांगायचं, तर साठीपुढच्या माणसांना रोज सकाळी फोनवर "चाला" असा संदेश पाठवला तर ती चालतात का, हे तिला पाहायचं होतं. फोन वापरायला शिकतात का, हा शिक्षणाचा भाग. चालून औषधांचा खर्च कमी होतो का, हा अर्थशास्त्राचा. सकाळी शाळेत शिकवायचं आणि संध्याकाळी हे, असं तिचं तीन वर्षं चाललं होतं.

त्यासाठी तीस माणसं हवी होती. ती आमच्या नानाखेड्याच्या मराठी मंडळात आयती मिळाली. आमच्या मंडळात दोन तऱ्हेची माणसं आहेत. एकांचे पूर्वज अडीचशे वर्षांपूर्वी दरबारच्या चाकरीत इकडे आले, दुसरे बँकेच्या नाहीतर रेल्वेच्या बदलीवर आले. दोघंही अजून "आमच्याकडे असं नसतं" असं म्हणतात. सगळ्यांच्या मनगटावर पावलं मोजणारा पट्टा बांधायचा, एकवीस दिवस काढायचा नाही. पंधरा जणांना संदेश येणार, पंधरा जणांना नाही. ऐन वेळी दोघं नातवंडं सांभाळायला पुण्याला निघून गेले, म्हणून त्यांच्या जागी मी आणि माझी बायको नलिनी भरती झालो. चिठ्ठ्या टाकल्या. नलिनी संदेशवाल्या गटात गेली.

"बाबा, तुम्ही दुसऱ्या गटात," मंजिरी म्हणाली.

"म्हणजे मी काय करायचं?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"बिलकुल नाही. रोज जसे राहता तसे राहायचं. फक्त एक करा. पहिल्या गटाला संदेश येतात, हे तुमच्या गटात कुणाला कळू देऊ नका. तुम्ही घरचे म्हणून तुम्हाला माहीत आहे."

"जमेल त्यांना," नलिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. "काही न करण्याचा सराव आहे. रिटायर झाल्यापासून तेच चाललंय."

आता माझ्या एका पदाविषयी सांगायला हवं. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर रोज सकाळी एक सुविचार टाकायचा, अशी आमच्याकडे पद्धत आहे, आणि ते खातं सहा वर्षं माझ्याकडे होतं. ग्रंथपाल होता, म्हणजे याच्याकडे सुविचारांचा साठा असणार, असा मंडळाचा समज. साठा केव्हाच संपला होता. पण कुणाला पत्ता नव्हता, कारण सुविचार कुणी वाचतच नसे. एकदा मी तीन दिवस ओळीने तोच सुविचार टाकून पाहिला. तिन्ही दिवस तितकेच जोडलेले हात आले.

प्रयोगाच्या पहिल्या सकाळी नलिनीचा फोन वाजला. तिचा चष्मा नेहमीप्रमाणे दुसऱ्या खोलीत होता.

"काय म्हणतोय बघा हो."

मी वाचलं. "तुमची पावले आज तुमची प्रतीक्षा करत आहेत. सक्रिय रहा आणि निरोगी वृद्धत्वाचा आनंद घ्या."

"वृद्धत्व कुणाचं?" नलिनीने विचारलं.

मजकूर कॉम्प्युटरने लिहिलेला होता. पावलं आपली प्रतीक्षा कशी करतील? ती आपल्याबरोबरच असतात. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पेन्सिलीने दुरुस्त केलेल्या माणसाला असलं वाक्य तसंच सोडवत नाही. मी ते दुरुस्त केलं. दुरुस्त करता करता ते असं झालं: "पोहे खाल्ले असतील तर टॉवर चौकापर्यंत चालत जाऊन या. खाल्ले नसतील तर तिथे जाऊन खा." वाचून पाहिलं, बरं वाटलं. त्या दिवसाचा सुविचार शिल्लक नव्हताच. मी तो मंडळाच्या गटावर टाकून दिला.

(पहिल्या गटाला संदेश येतात, हे मी कुणालाही सांगितलं नाही. गुप्तता मी शेवटपर्यंत पाळली, याची नोंद घ्यावी.)

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी खांडेकर उभे. खांडेकर रेल्वेतून निवृत्त झालेले, आमच्या दुसऱ्या गटातले. खुर्चीपासून फाटकातल्या पेपरापर्यंत, हा त्यांचा सगळ्यात लांबचा प्रवास. आज पायात कॅनव्हासचे बूट होते.

"कुठे?" मी विचारलं.

"टॉवर चौक. तुमचा सुविचार वाचला."

"वाचलात?"

"छह साल में पहली बार काम की बात लिखी आपने. चलता का?"

खोटं बोलायला सवड मिळाली नाही. गेलो. पोहे खाल्ले, जिलबी खाल्ली, येताना ई-रिक्षा केली. त्या दिवसाचा सुविचार खांडेकरांवरच होता: "आज एक सदस्य टॉवर चौकापर्यंत चालत गेले. आता त्यांनी सगळ्यांसाठी पोहे बांधून आणायचे का?" तिसऱ्या दिवशी आम्ही पाच जण होतो. चौथ्या दिवशी मी लिहिलं, "दारावर भाजी घेतली की भाव कळतो, बाजारात जाऊन घेतली की बातम्या कळतात." त्या सकाळी बायकाही निघाल्या.

सहा वर्षं मी या माणसांना खरं बोला, राग आवरा, लोभ सोडा असं रोज सांगत होतो. एकानेही मनावर घेतलं नव्हतं. आता शब्द टाकायची खोटी, की लोक चप्पल शोधत होते. लेखकाला याहून मोठं सुख नसतं. मी पहाटे उठून दोन-दोन मसुदे करू लागलो.

मग चढाओढ सुरू झाली. "किती झाले?" हा प्रश्न "कसे आहात?" च्या जागी आला. खांडेकर झोपाळ्यावर बसून पट्ट्याचा हात पुढे-मागे हलवतात, असं सप्रे काकूंनी जाहीर केलं. खांडेकरांनी विचारलं, की काकू पोळ्या लाटताना पट्टा उजव्या हातात का घालतात. काकू म्हणाल्या, "रस्त्यावर नाही, पण पोळपाटावर तर रोज मैलभर फिरते मी." हे सगळे दुसऱ्या गटातले, म्हणजे ज्यांनी काहीही करायचं नव्हतं ते.

पहिल्या गटाची तऱ्हा वेगळी. त्यांना तीच गोष्ट सकाळी दोनदा ऐकावी लागे, एकदा कॉम्प्युटरकडून आणि एकदा माझ्याकडून. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी दोन्हीकडे पाहणं बंद केलं. सगळ्यात आधी नलिनीने.

"मला कुणी चाल म्हटलं की मी बसते," ती म्हणाली. "लग्नात सात पावलं चालले, त्याचं काय झालं ते बघतेच आहे."

एकवीस दिवस संपले. मंजिरीने सगळे आकडे लॅपटॉपवर चढवले आणि बराच वेळ पडद्याकडे बघत बसली. ज्यांना चाला म्हटलं ते बसले होते. ज्यांना कुणी काही म्हटलं नव्हतं, ते गावभर फिरत होते.

"बाबा, एक विचारू?" ती माझ्याकडे वळली. "तुम्हाला कुणी चाला म्हणत नव्हतं. मग तुम्ही रोज का जात होता?"

"हवा छान असते," मी म्हणालो.

मे महिना चालू होता. मंजिरीने उठून माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तिच्या समितीपुढचं सादरीकरण सोमवारी होतं, आणि आज गुरुवार होता. मला वाटलं, निघेल काहीतरी मार्ग. मार्ग निघाला, तो मी कल्पना केली त्याहून भयंकर. शुक्रवारी तिच्या गाइड सरांचा फोन आला. तो तिने स्पीकरवर लावला.

"मंजिरी, ये तो कमाल का नतीजा है," सर म्हणत होते. "मतलब बुज़ुर्गों को टोको मत, तो वो खुद चलते हैं. इस पर पेपर बनाओ. मैं जर्नल बताता हूँ."

ते जर्नल कसलं आहे, हे मी नंतर पाहिलं. त्यात तंत्रज्ञानापासून आरोग्यापर्यंत सगळं एकाच अंकात मिळतं, किराण्याच्या दुकानासारखं. मंजिरीने दोन दिवसांत सिद्धान्त उभा केला. त्याला नाव दिलं, "मार्गदर्शनाच्या अभावातील स्वयंप्रेरणा". शनिवारी तिने मला तो वाचून दाखवला. तीन वर्षांत इतकी खूश मी तिला पाहिली नव्हती. सोमवारी समितीने मान्यता दिली, की प्रबंध लिहायला परवानगी मिळणार होती. आणि प्रबंधाचा पाया होता माझे पोहे.

माझी अडचण लक्षात घ्या. आयुष्यभर मी खोट्या प्रबंधांना हसलो. आता एक खोटा प्रबंध माझ्याच घरातून निघत होता, आणि तो लिहिणारी मुलगी मात्र खरी होती. तिला काही माहीत नव्हतं. उद्या कुणी शोधून काढलं असतं तर मान तिची खाली गेली असती.

"सांगून टाका," नलिनी म्हणाली. "नाहीतर मी सांगते. आणि मी सांगितलं तर सविस्तर सांगेन."

रविवारी दुपारी मंजिरी टेबलाशी बसली होती. मी समोरची खुर्ची ओढली.

"मंजिरी, ती स्वयंप्रेरणा आहे ना तुझी."

"हं."

"ती मी आहे."

तिने वर पाहिलं. मी फोन तिच्या हातात दिला. तिने एकवीसच्या एकवीस सुविचार वाचले. भाजीच्या सुविचाराला तिला हसू फुटलं, मग हे आपल्यालाच भोवलंय हे आठवून ते तिने आवरलं. वाचून झाल्यावर फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

"गुरुवारी विचारलं होतं मी तुम्हाला," ती म्हणाली.

"हो."

"हवा छान असते म्हणालात."

"हो."

"बाबा, मला कमालीचा निष्कर्ष नको होता. माझं काम खरं निघायला हवं होतं." मग लॅपटॉप पुढे ओढून म्हणाली, "हे सगळे तारखेसकट मला पाठवा. सरांना फोन करते."

"माझं नाव सांगशील?"

"एक बाह्य घटक, असं म्हणेन."

"बाह्य कसला," नलिनी म्हणाली. "दिवसभर घरातच असतो."

सोमवारी मी तिच्याबरोबर गेलो आणि मागच्या रांगेत बसलो. शुक्रवार-शनिवारी रचलेली सगळी सुंदर पानं बाजूला ठेवून ती सरळ बोलली. निष्कर्ष उलटा का आला, दुसऱ्या गटापर्यंत काय पोचलं, कोणत्या तारखेपासून. समितीतल्या सगळ्यात वयस्कर बाईंनी चष्मा काढला.

"पोहे वाला मैसेज? वो तो हमारी कॉलोनी में भी घूमा था, हिंदी में. मेरे मिस्टर तो उसी के चक्कर में नए जूते ले आए."

सगळे हसले. मंजिरी हसली नाही. बाईंनी चष्मा पुन्हा चढवला आणि म्हणाल्या, "बेटा, सच बोलने के नंबर नहीं होते. होते तो पूरे देती. ये काम फिर से करो." म्हणजे परवानगी नाही, नवी तीस माणसं, आणखी काही महिने. पण नाव नोंदणीतून खोडलं नाही, आणि पुन्हा करायला वेळ दिला. बाहेर आल्यावर मी तिला काहीतरी म्हणायला गेलो. "बाबा, आधी चहा," ती म्हणाली. चहाचे पैसे तिने मला देऊ दिले. ती माफी होती, असं मी धरून चाललो आहे.

मंडळाने नवा प्रयोग होईपर्यंत सुविचार बंद ठेवला. चार दिवसांत सगळे आपापल्या खुर्च्यांवर परत आले. खांडेकरांचे बूट आता त्यांचा जावई वापरतो.

मंजिरीने नव्या प्रयोगाचा आराखडा केला तेव्हा माझ्याकडे तपासायला दिला. कोणाला प्रयोगात घ्यायचं नाही, त्या यादीत शेवटची ओळ होती: "संशोधिकेच्या सासऱ्यांच्या परिचयातील व्यक्ती वगळण्यात येतील." दोनदा वाचली. दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही. मग ती मला न ओळखणारी माणसं उज्जैनभर शोधायला लागली. फ्रीगंजमध्ये विचारलं, देवास गेटच्या बाजूला विचारलं. एका आजींनी फोनवर तिचं आडनाव ऐकून लगेच विचारलं, "म्हणजे ते सुविचारवाले का?" शेवटी तिने उज्जैनचा नाद सोडला आणि देवास शहरातली माणसं धरली. आता दर शनिवारी सकाळी ती पट्ट्यांची पिशवी घेऊन देवासच्या बसने जाते.

नानाखेड्याचं बसस्टँड आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर आहे. मी तिला स्कूटरवर सोडतो.