आंधळगावच्या जामाला बांधलेल्या गुट्या

घरच्यांनी "या वयात नको" म्हटलं, तेव्हाच माझं जाणं पक्कं झालं. माहेरचं जामाचं (पेरूचं) झाड तोडणार, असं भाच्याने फोनवर सांगितलं होतं. आईने लावलेलं झाड. मी भंडाऱ्याहून आंधळगावची एसटी पकडली. सोबत नात मुक्ता, भूगर्भशास्त्र शिकणारी.

दोन्ही बाजूंना धानाची रोवणी चाललेली. एके ठिकाणी रस्ता रुंद करायला टेकाड उभं कापलं होतं. मुक्ता ओरडली, "आजी, थर बघ! सगळ्यांत जुना खाली."

"आमच्या घरात जुनी मी. पण खाली दबून राहणार नाही!"

कंडक्टरसुद्धा हसला.

घरी पोचलो तर कुऱ्हाड भिंतीला टेकवून तयार. भाचसून कोचईच्या (अळूच्या) पानांवर बेसन चोपडून पानावर पान रचत होती. मुक्ता म्हणाली, "हे थर सगळे एकाच वयाचे."

"वयाचं मले नाही मालूम," सून म्हणाली. "मोठं पान खाली पायजे, नाही तं गुंडाळी सुटते."

गरम वड्या हाणून मी पदर खोचला. फांदीची साल कड्यासारखी सोलली, त्यावर ओलं शेवाळ, त्यावर प्लास्टिक, वर घट्ट दोरी. ही गुटी. झाडावर असतानाच फांदीला मुळं फुटतात, मग ती उतरवून दुसरीकडे लावायची. कॉलेजात यावर मी पानभर उत्तर लिहिलं होतं. मोठी विदुषी! वसतिगृहातल्या डाळिंबाला गुटी बांधली आणि मुळं आली का, म्हणून रोज सोडून पाहिली. फांदी वाळली. दोष मात्र मी हवेला दिला.

"आत्या, एक बांधली ना? मंग खालच्या सगळ्याच फांद्यांले कायले बांधून राहिली?" भाचा वैतागला. "मले ट्रॅक्टरले शेड टाकाचं हाये."

"एखादी वाळली तर? मुळं धरेपर्यंत झाडाला हात लावायचा नाही. आणि सोडून बघायचं तर मुळीच नाही."

"मंग कापू ना?"

"मग मी येईन. गुट्या उतरवीन."

त्याने सुस्कारा सोडला आणि कुऱ्हाड आत ठेवली.

परतीच्या एसटीत मुक्ताने विचारलं, "आजी, उतरवल्यावर तो तोडेलच ना?"

मी पिशवी उघडून दाखवली. उरलेलं प्लास्टिक आणि दोरीचं अख्खं बंडल. उतरवायला येईन, त्याच दिवशी वरच्या फांद्यांना नव्या बांधीन. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा. भाच्याने शेड कुठे टाकायचं ते त्याने पाहावं. झाड जागचं हलणार नाही, आणि माझं येणंही थांबणार नाही.