दत्तूअण्णांचा जनरेटर

दत्तूअण्णांची मुलगी भारती शाळेत मी शिकवायचो त्या वर्गात होती, तेव्हापासून मी त्यांना ओळखतो. हुबळीत गोकुळ रोडवर प्रभंजनशेठच्या ओतकामाच्या कारखान्यात ते डिझेल जनरेटर चालवायचे. नव्वद सालानंतरची ती वर्षं, दिवसाचे चार-पाच तास वीज नसायची. दिवे गेले की सगळे अण्णांकडे बघत आणि मिनिटभरात इंजिन धडधडू लागे. बोलणं कमी, कमरेला हात पुसायची चिंधी.

२००४ साली शेठनी गदगकडच्या डोंगरावरच्या पवनचक्क्यांत वाटा घेतला. सरकारची तशी मुभा होती. तिथं तयार झालेली वीज सरकारी वीज बोर्डाच्याच तारांतून कारखान्याला मिळे. वेगळी लाइनही आली, तिला कपात नव्हती.

शेठ म्हणाले, "अण्णा, वर्षभर बघू. जनरेटर लागला तर ठेवू, नाही तर विकू."

विकला तर अण्णांना तिथं दुसरं काम नव्हतं. दोघांनाही ते माहीत होतं.

अण्णांनी मनाशी धरलं की वारा पडला की वीज जाणार. रोज सकाळी इंजिनाला उदबत्ती लावायची त्यांची रीत होती. आता ते तिचा धूर बघत. धूर सरळ वर गेला, की बॅटरी तपासायची आणि बटणापाशी स्टूल ओढून बसायचं.

साच्यांवरचा संतोष चिडवी, "अण्णा, गाळी इल्ल. वारा नाही आज, तयारीत राहा."

"आहे की," अण्णा म्हणत.

दिवे जात नसत.

मार्चमध्ये सलग नऊ दिवस धूर सरळ गेला. दहाव्या दिवशी ते शेठच्या खोलीत गेले. "वारा नाही, मग भट्टीला वीज येते कुठनं?"

"पावसाळ्यात जास्तीची झालेली युनिटं बोर्डाकडं जमा असतात, ती आता मिळतात. आणि हुबळीचा वारा काय बघता अण्णा, चक्क्या तिकडं आहेत."

"म्हणजे वारा पडला तरी..."

"तरी चालतं."

"बरं," म्हणून अण्णा बाहेर आले आणि स्टुलावर बसले.

मे महिन्यात कलघटगीच्या एका भातगिरणीवाल्यानं जनरेटर घेतला. अण्णांनी तो स्वतः पुसून दिला. थंडीत चालू झाला नाही तर काय करायचं, ते नव्या माणसाला दोनदा सांगितलं. ट्रक गेल्यावर चपला घालून घरी आले.

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या बायकोनं, कुसुमवहिनींनी, सवयीनं सातला डबा भरला. अण्णांनी तो बारा वाजता घरीच उघडला, जेवले, घासून पालथा घातला. संध्याकाळी मी गेलो आणि कसं काय विचारलं.

"आहे," ते म्हणाले.