रुबिनानं जमिनीखाली नेलेलं ऊन

रुबिना गेल्याचा फोन आला तेव्हा मी नेरळच्या बाजारात भाजी घेत होते. तिच्या धाकट्या भावानं एवढंच सांगितलं, "ताई, आपा गेली..." आणि फोन त्यांच्या आईच्या, अम्मींच्या हातात दिला. आजार माहीत होता, शेवट जवळ आलाय हेही माहीत होतं. तरी घेतलेली भाजी तिथंच विसरून मी घरी आले.

आमची मैत्री खालापूरच्या शाळेतली. तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान, आमची भातशेती. बोलताना ही मुलगी सारखी हवेत बोटानं रेघा ओढायची. पुढं आर्किटेक्ट झाली आणि मुंबईतल्या मेट्रोच्या एका खोल, जमिनीखालच्या स्टेशनाच्या आराखड्याचं काम तिच्याकडं आलं. "खड्डा खणायचा आणि आत स्टेशन बांधायचं, एवढंच ना?" मी विचारलं. "नाय गं, आमी उलटं घर बांधतो," ती हसत म्हणाली. "आधी भिंती जमिनीत उतरवायच्या, मग छत घालायचं, आणि मग छताखालची माती काढत एकेक मजला खाली जायचं." कडेला जुन्या चाळी, त्यांत नांदते संसार. आपल्या भिंतींना तडे जातील म्हणून माणसं धास्तावलेली. रुबिना त्यांच्याकडं चहाला जायची, भिंती बघायची, आणि मुकाट बोलणीही खायची.

एका दुपारी ती अगदी तळाच्या मजल्यावर असताना वीज गेली. राखीव दिवेही लागेनात. जिना कुठल्या बाजूला, तेसुद्धा कळेना असा काळोख. शेजारचा धिप्पाड वेल्डर हमसून रडायला लागला, तेव्हा रुबिनानं त्याचा हात घट्ट धरला. "त्याला वाटलं मी धीर देतेय," तिनं मला नंतर सांगितलं, "पण खरं म्हणजे मीच त्याला धरून उभी होते गं."

त्यानंतर काही दिवसांतच वरून निरोप आला, की रस्त्यापासून तिकिटांच्या मजल्यापर्यंत उजेड आणणारी मोठी मोकळी जागा बुजवायची. तिथं यंत्रं बसवायची आहेत. रुबिना हट्टाला पेटली. यंत्रांसाठी दुसरी जागा काढून तिनं नकाशे पुन्हा केले. कुणी ऐकेना. शेवटी ती सगळ्या साहेबांना तळाशी घेऊन गेली आणि सांगून-सवरून दिवे घालवले. त्या काळोखात सगळ्यांत मोठे साहेब म्हणाले, "मॅडम, लावा हो दिवे. पटलं." ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज काढून ती इतकी हसायची, की पुढचं सांगायचंच राहून जायचं.

स्टेशन सुरू झाल्यावर तिला पहिल्यांदा अम्मींनाच न्यायचं होतं. अम्मी तयार होईनात. "जितेपणी जमिनीखाली कशाला नेतेस मला?"

"अम्मी, खाली ऊन हाय."

"थापा नको मारूस."

मी बरोबर होते. सरकत्या जिन्यावर अम्मींनी आम्हा दोघींचे दंड आवळून धरले, डोळे मिटले, ते खाली पोचल्यावरच उघडले. समोर फरशीवर उन्हाचा लांबट पट्टा पडला होता. त्या वाकल्या, तळहात उन्हात धरला आणि म्हणाल्या, "रुबिना, हितं पापड वाळतील गं!" इतक्या वर्षांच्या कामाची तिला मिळालेली ही सगळ्यात मोठी पावती. ते वाक्य ती आजारपणातही भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायची.

ती गेल्यानंतर परवा अम्मींचा फोन आला, "मला तिथं घेऊन चल." मी अम्मींना आणायला गेले आणि आम्ही कर्जतहून लोकलनं निघालो. खाली उतरल्यावर त्या सरळ त्या उन्हात जाऊन फरशीवर बसल्या. सुरक्षारक्षक धावत आला. "आजी, हितं बसू नका."

"बसू दे रं. माझ्या लेकीनं बांधलंय."

तो माझ्याकडं बघत राहिला. मी मान हलवली. तो गेला आणि स्वतःची खुर्ची घेऊन आला. अम्मी तिच्यावर बसल्या. माणसं शेजारून जात-येत राहिली. ऊन सरकलं, की अम्मी उठायच्या, खुर्ची थोडी पुढं ओढायच्या आणि पुन्हा उन्हात बसायच्या.