चुन्याची डबी

सरकारी वकिलांच्या हाताखाली ज्युनिअर म्हणून लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं, आणि त्या वर्षभरात कोर्टात उभं राहून मी एक वाक्यही बोलले नव्हते. सरांच्या मागे बसायचं, कागद पुढे करायचे, पुस्तकांत खुणेच्या चिठ्ठ्या घालायच्या, एवढंच. मद्रासच्या हायकोर्टाच्या आवारात तेव्हा बायका वकील बोटांवर मोजण्याइतक्या. अंगावर काळा गाऊन असतानाही दारावरचा शिपाई मला विचारायचा, "कुठल्या केसमधल्या, अम्मा?" माझं डोकं असं फिरायचं की सांगता सोय नाही.

त्यात हा लाचेचा खटला आला. कागद पहिल्यांदा वाचले त्या दिवशी मला बसमध्ये बसवेना. आमचं घर मायलापूरला. मी दोन स्टॉप आधीच उतरले आणि उन्हातून भराभर चालत घरी आले. कधी एकदा तारीख लागते असं झालं होतं.

फिर्यादी होती ट्रिप्लिकेनमधली एक विधवा बाई. दोन खोल्यांत खानावळ चालवायची. सकाळी इडली, दुपारी सांबारभात, जेवायला सगळे बिऱ्हाड नसलेले कारकून. तिला परवाना हवा होता आणि तो देणारे अधिकारी होते मोठे भारदस्त गृहस्थ. धोतरासारखी नेसलेली जरीकाठी वेष्टी, कपाळाला गंध, टेबलावर पानाचा चांदीचा डबा आणि शेजारी चुन्याची छोटी पितळी डबी. त्यांनी पैसे असा शब्द कधी तोंडातून काढला नाही. तीन वेळा कागदात चुका काढून बाईला परत पाठवलं आणि चौथ्या वेळी म्हणाले, "शुभकार्याला कोणी रिकाम्या हातानं येतं का? येताना तांबूल आण. पानं जरा जाड असू देत."

बाई सरळ पोलिसांत गेली. त्यांनी नोटांना एक पांढरी पूड चोळली. ही पूड लागलेलं बोट सोड्याच्या पाण्यात बुडवलं की पाणी लालगुलाबी होतं. बाईनं तबकात केळी, सुपारी, पानं मांडली आणि पानांखाली नोटा ठेवल्या. साहेबांनी पानं उचलली, नोटा काढून अंगठ्यानं त्यांची जाडी चाचपली आणि ड्रॉवरमध्ये टाकल्या. मग समाधानानं आपल्याच डब्यातलं एक पान घेतलं, वेष्टीवर पुसलं आणि डबीत बोट घालून चुना काढला. पानावर बोट फिरवलं तर चुना गुलाबी! बाई मला सांगायची, "ते पानाकडे बघतच राहिले हो. तेवढ्यात पोलीस आत आले, साहेबांची बोटं सोड्याच्या पाण्यात बुडवली आणि पाणीही गुलाबी झालं."

आता याहून जास्त पुरावा काय हवा? पण बचावाचे वकील म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. आवाज मऊ, हसणं त्याहून मऊ. त्यांनी बाईला पिंजऱ्यात दोन तास उभं केलं. त्यांचं म्हणणं असं, की साहेबांनी नोटांना हातच लावला नाही. साहेबांची पाठ वळली तेव्हा बाईनंच त्या उघड्या ड्रॉवरमध्ये सारल्या. आणि बोट गुलाबी? ते तर होणारच. साहेब रोजा चुना खातात. मद्रासच्या कुठल्याही पानवाल्याकडे रंगवलेला गुलाबी चुना मिळतो, त्याला सगळे रोजा चुनाच म्हणतात.

मी घाईघाईनं पंचनामा उघडला. त्यात लिहिलं होतं: चुन्याची पितळी डबी एक, चुन्यासह, सीलबंद. रंग लिहिलेलाच नाही! इन्स्पेक्टरना विचारलं तर म्हणाले, आठवत नाही. बोटं धुतलेलं पाणी तरी जपावं, तपासायला पाठवावं? तेही साक्षीदारांना दाखवून मोरीत ओतून दिलं होतं. मला त्या इन्स्पेक्टरच्या डोक्यात हातातलं जाडजूड कायद्याचं पुस्तक घालावंसं वाटलं.

त्या संध्याकाळी बाई व्हरांड्यात खांबाला टेकून बसली होती. तिच्या खानावळीतली निम्मी गिऱ्हाईकं पोलिसांच्या भानगडीला भिऊन आधीच तुटली होती. "साहेब सुटले तर काय होईल?" तिनं मला विचारलं. "परवाना गेला तर गेला, मी धुणीभांडी करीन. पण एका भल्या माणसाच्या ड्रॉवरमध्ये पैसे सारणारी बाई म्हणून मला त्याच गल्लीत राहावं लागेल ना?" पुढची तारीख पाच आठवड्यांनी होती.

घरी आले ती धुमसतच. आम्ही तंजावरकडचे मराठी. माझे अप्पा रिटायर झालेले हेडक्लार्क आणि जेवणानंतरच्या पानाचे मोठे भोक्ते. दहा वर्षांची असल्यापासून त्यांचं पान मी लावत आले. त्या रात्रीही लावत होते आणि हात मध्येच थांबला. आमचा चुना पांढरा. दोन दिवस डबी उघडी राहिली की तो सुकतो, भेगाळतो. मग साहेबांच्या डबीतला चुना आज, इतक्या महिन्यांनी, कसा दिसत असेल?

दुसऱ्या दिवशी मी पानवाल्याकडून रोजा चुना आणला. नोटांना लावतात ती पूड म्हणजे जुलाबाच्या गोळ्यांतलंच औषध, असं सरांनी मागे सांगितलं होतं. तशा गोळ्या आणून कुटल्या. एका झाकणात रोजा चुना, दुसऱ्यात आमचा पांढरा, आणि पांढऱ्यात पूड लावलेलं बोट खुपसलं. झाला की लालगुलाबी! मी एकटीच स्वयंपाकघरात टाळ्या पिटल्या. दोन्ही झाकणं खिडकीत सुकायला ठेवली.

माझं चुकलं एवढंच, की अप्पांना सांगायचं राहिलं. दुपारी त्यांच्या डबीतला चुना संपला. त्यांनी खिडकीतलं झाकण ओढलं, कडेचा पांढरा भाग पाहून बोट फिरवलं आणि पान तोंडात टाकलं. दुसरा सगळा दिवस ते मागच्या अंगणात ये-जा करत होते. संध्याकाळी मला समोर उभं केलं.

"अग, हें काय आरंभलीस घरांत? वकिली शिकविलों ती बापाला जुलाब द्यायला कां?"

"अप्पा, खटल्यासाठी होतं ते."

"सरी, सरी, कळलें! यापुढें तुझ्या हातचें पान नको मला."

आणि खरोखरच ते स्वतः पान लावून घेऊ लागले. मला वाईट वाटलं, पण झाकणं काही मी हलवली नाहीत. चौथ्या आठवड्यात रोजा चुना तसाच गुलाबी राहिला होता, फक्त वाळला होता. आणि वाळता वाळता चुन्याचा जोर गेला तसा दुसऱ्या झाकणातला रंग पार उडून चुना कोरा पांढरा झाला होता. त्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा थेंब टाकला. जिथे माझं बोट गेलं होतं, तेवढीच जागा लालगुलाबी फुलली!

मी सरांच्या घरी अक्षरशः पळत गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "डबी उघडली आणि आत गुलाबी निघालं तर?"

"तर आपण हरलो, सर. पण बाई खोटं बोलत नाही."

"मग तूच उभी राहा," ते म्हणाले. "चुन्यातलं मला काय कळतं?"

तारखेच्या दिवशी इन्स्पेक्टरना पुन्हा पिंजऱ्यात बोलावलं होतं. मी उठले आणि आधी मागे वळून पाहिलं. पाठीमागच्या बाकावर बाई पदराचं टोक मुठीत धरून बसली होती. ती दिसली आणि मी बोलू लागले.

"सीलबंद डबी कोर्टासमोर उघडावी, अशी माझी विनंती आहे."

बचावाचे वकील हसून म्हणाले, "आमची काहीच हरकत नाही." त्यांना वाटलं, पोरगी आपणहून खड्ड्यात उडी मारते आहे. साहेबांनी मात्र मान वर करून माझ्याकडे पाहिलं. न्यायाधीशांनी सील तपासलं, शाबूत होतं. झाकण घट्ट बसलेलं. कोर्टाच्या कारकुनानं चाकूचं टोक घालून ते उचकटलं.

आत चुना होता. सुकलेला, भेगाळलेला आणि पांढराशुभ्र.

मला नाचावंसं वाटलं! पण बचावाचे वकील लगेच उठले. आता त्यांचं हसू गेलं होतं. "आरोपीच्या बोटाला रंग होता म्हणता, मग तो कुठे आहे? या डबीला पूड लागलेलं बोट शिवलेलंच नाही."

"सकाळपर्यंत आपला चुना रोजा होता," मी म्हणाले. "आता पांढरा झाला का?"

कोर्टात खसखस पिकली. न्यायाधीशांनी हातानंच सगळ्यांना गप्प केलं, पण त्यांच्याही ओठाचा कोपरा हलला. मी सोड्याचं पाणी पुढे केलं. इन्स्पेक्टरनी काडीनं एक थेंब डबीच्या कडेला टाकला. काही नाही. दुसरा थेंब मधल्या खळग्यात, जिथून बोटानं चुना काढला होता तिथे. न्यायाधीश खुर्चीतून पुढे वाकले. खळग्यात आधी फिकट, मग बघता बघता गडद लालगुलाबी रंग पसरला.

साहेब डबीकडे टक लावून बघत होते आणि त्यांच्या उजव्या हाताची बोटं आपोआप वेष्टीवर पुसली जात होती. पुन्हा पुन्हा. न्यायाधीशांनी तेही पाहिलं.

शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी बाई रडली नाही, मीच रडले. सर म्हणाले, "गाऊनला डोळे पुसू नकोस, भाड्यानं आणल्यासारखा दिसतो." दारावरच्या शिपायानं त्या दिवशी मला काही न विचारता आत सोडलं होतं, हेही मला घरी गेल्यावर आठवलं.

दोन महिन्यांनी नव्या अधिकाऱ्यानं परवाना दिला. त्या शुक्रवारी सकाळी बाई आमच्या दारात आली. धुतलेलं पातळ, केसांत फुलं नाहीत, पण चेहरा उजळलेला. हातात तबक होतं. केळी, सुपारी, वर पानांची चळत. तेच तबक. पोलिसांनी ते तिला परत केलं होतं.

मी उंबरठ्यावरच थांबले. हात पुढे होईना. एका तबकापायी एका माणसाला तुरुंगात धाडून आले होते मी, आता तेच तबक घ्यायचं कसं? तिला ते कळलं. तिचा चेहरा उतरला आणि ती हळूच म्हणाली, "पानं उचलून बघा, अम्मा. खाली काही नाही."

मला माझीच इतकी लाज वाटली! त्या बाईनं कोर्टात दोन तास हेच तर सांगितलं होतं, की मी खोटी नाही. आणि आता माझ्या दारातही तिला तेच सांगावं लागत होतं.

मी पानं उचलली नाहीत. दोन्ही हातांनी तबक घेतलं, कपाळाला लावलं आणि तिला आत बसवलं. आतल्या खोलीतून अप्पा सगळं ऐकत होते. ते बाहेर आले, बाईला नमस्कार केला आणि माझ्याकडे वळले.

"त्यांतलेंच एक लाव ग," ते म्हणाले. "तुझ्या हातानें."