राब पंचनाम्यात बसत नाही

शहापूर-मुरबाडकडे चार महिने पाऊस असा कोसळतो की चुलीवर टांगलेल्या कपड्यांनाही बुरशी येते. होळी झाली की त्याच गावात बायका विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरतात. धरणं आमच्या उशाशी, पाणी शहरात. कागदावर आम्ही अतिपावसाचे, म्हणून आमची टंचाई कुणाला दिसत नाही. हे मी पत्रकात लिहिलं होतं आणि त्या मे महिन्यात टँकरसाठी मुरबाडच्या तहसील कचेरीवर मोर्चा ठेवला होता.

मोर्चाच्या सकाळी आई राब भाजायला निघालेली. भाताचं रोप जिथे करायचं त्या जमिनीवर शेण, टहाळ, पाला, गवत रचून, वर माती टाकून ते जाळायचं. म्हणजे तण मरतं. ते भारे आईने उन्हाळाभर डोक्यावरून आणले होते.

"वारा पडलाय. आजच भाजते."

"उद्या भाज ना! बायका कमी दिसल्या तर साहेब खुर्चीतून उठणार पण नाही."

"आभाळ बघ गो, कसं झालंय."

"मे महिन्यात कसला पाऊस?"

"तुझ्या कागदात लिवलंय काय तसं?" असं म्हणून तिने पदर खोचला आणि आली माझ्याबरोबर.

साहेब भेटलेच नाहीत. परतताना धसईच्या अलीकडे जीपच्या टपावर पाऊस वाजायला लागला. त्या वर्षी तो थांबलाच नाही. अवकाळी म्हणता म्हणता पावसाळाच लागला. आईने दोनदा रॉकेल ओतून राब पेटवून पाहिला. नुसता धूर. शेवटी तिने न भाजलेल्या जमिनीवरच बियाणं टाकलं आणि रोपाच्या आधी तण वर आलं.

मी तलाठ्याकडे गेले. म्हटलं, पंचनामा करा.

"पीक कुठाय, ताई?"

"राब भिजला."

"म्हणजे पालापाचोळाच ना? आंबा लिहितो, घराचे पत्रे उडाले तर तेही लिहितो. पाल्याला रकाना नाही."

इथे हजारो घरांचं भात ज्यावर उभं राहतं, त्याला यांच्याकडे रकाना नाही! मी घरी येऊन तिखट पत्रक लिहिलं. आईने राब भाजणं दुसऱ्या दिवसावर ढकललं ते कुणाच्या सांगण्यावरून, हे त्यात लिहिलं नाही.

लावणीला रोप कमी पडलं. आई शेजारणीकडे उरलेलं मागायला गेली, मी मागे उभी.

"पोरीला सांग की मोर्चा काढायला," शेजारीण म्हणाली. "माजंच पुरत नाय गो, बाय."

आमचं खालचं खाचर मोकळंच राहिलं. तिथलं गवत आई रोज कापायची, म्हशीला घालायची, माझ्याशी सगळं बोलायची. राबाचं तेवढं नाही. एकदा मीच म्हटलं, "आई, चुकलं माझं."

"विळा दे इकडं," ती म्हणाली.