दुर्बिणीच्या दारात हायमास्ट

मंडळी, आज दुपारपासून तोंड कडू झालंय.

सिद्धगडाच्या पायथ्याशी आमच्या खगोल मंडळाची वेधशाळा आहे. तिथे आज नवी दुर्बीण बसवली. आठ जणांनी चढावरून हातांवर वाहून आणली. इथवर सगळं छान होतं.

मग प्रमुख पाहुणे बोलायला उठले. "एवढी मोठी दुर्बीण आणि रात्री आजूबाजूला अंधार?" असं म्हणून त्यांनी वेधशाळेच्या दारातच हायमास्ट दिवा जाहीर केला. त्या उजेडात तारे काय डोंबल दिसणार? पण शिबिरात मोबाईलचा उजेडही खपवून न घेणाऱ्या आमच्या अध्यक्षांनी वाकून आभार मानले. टाळ्या पडल्या.

शेजारच्या वाडीतल्या पारूबाई माझ्या बाजूला बसल्या होत्या. आम्ही आकाश बघायला आलो की त्यांची अख्खी वाडी अंगणातले दिवे बंद ठेवते. त्यांनी हळूच विचारलं, "मंग आमी इतकी वरसं काळोखात कशाला बसलो रे?"



किळस पाहुण्यांची आली नाही, त्यांना यातलं काही कळत नाही. आम्हाला सगळं कळतं, तरी टाळ्या आम्हीच वाजवल्या. मीसुद्धा.

पारूबाईंना तुम्ही काय सांगितलं असतं?